रिपोर्टातली कोरी जागा

पाकीट उघडलं तेव्हा नरहरीला आधी वाटलं, दुसरं पान आतच राहिलं असेल. त्याने पाकिटात बोटं घालून चाचपलं, मग ते उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. सदर बाजारातल्या त्या लॅबच्या चिमुकल्या सेंटरमध्ये एसीचा गारवा होता आणि काचेबाहेर नवतप्याचं, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांचं ऊन, स्कूटरींच्या हॉर्नसकट, रस्त्यावर नुसतं उकळत होतं. हातात एकच कागद. वर बायकोचं, शारदाचं नाव, वय, मग लघवीत सापडलेल्या जंतूचं लांबलचक नाव, आणि त्याखाली त्या जंतूवरच्या औषधांची यादी. यादीत तीन नावं. प्रत्येकापुढे इंग्रजी ‘एस’. त्याखाली सहीपर्यंत कागद कोरा. ‘एस’ म्हणजे हे औषध चालतं आणि ‘आर’ म्हणजे चालत नाही, हे नरहरीला आता कुणी शिकवायची गरज राहिली नव्हती. ते शिक्षण धाकट्या भावाच्या, शामरावच्या उशाशी बसून पुरं झालं होतं. त्याने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “बेटा, बस इतनाच है?” तिने मान वर न करता सांगितलं, “हाँ अंकल, इतना ही है,” आणि पुढच्या माणसाकडे हात केला. इतना ही है. नरहरी बाजूला सरला.

शामरावच्या रिपोर्टवर नावं मावत नव्हती. पानभर यादी, उलटून मागेही. आर, आर, आर. वरून खाली वाचत जाताना प्रत्येक ओळीला कुणीतरी दार लावून घेतंय असं वाटायचं. शेवटी तळाशी दोन नावं होती, त्यांच्यापुढे ‘एस’. त्यातलं एक इंजेक्शन लागलं, मग दुसरं लागलं, मग शामराव गेला. पण ते ‘आर’ निदान दिसत तरी होते. इथे तेही नव्हते. नरहरीच्या डोक्यात हिशेब आपोआप बसला: औषधं तेवढीच, जग तेच, लॅबही तशीच, मग बाकीची नावं गेली कुठे? चालत नाहीत म्हणून छापली नाहीत, दुसरं काय! तीन उरली. त्याची अख्खी नोकरी रायपूर स्टेशनच्या रिझर्व्हेशन ऑफिसात गेली होती, आणि चार्टवर ज्याचं नाव नाही त्याला गाडीत जागा नाही, ही गोष्ट त्याने रडणाऱ्यांना, भांडणाऱ्यांना, पाया पडणाऱ्यांना त्याच एका आवाजात सांगितली होती. नाव नाही म्हणजे नाही. त्यात समजून घेण्यासारखं काही नसतं.

आणि कोरी जागा म्हणजे काय हे तर त्याला घरातूनच ठाऊक होतं. त्यांच्याकडे आजाऱ्याचा रिपोर्ट पुरता कधी वाचला गेला नाही. वडील वर्ध्याहून रेल्वेत लागून इकडे आले ते ही रीत सोबत घेऊनच. घरातल्या कर्त्याने रिपोर्ट आणायचा, अंगणातच उघडायचा, खालचा भाग आत दुमडायचा आणि वरचा तेवढा मोठ्याने वाचायचा. आईच्या वेळी वडिलांनी असंच वाचलं. “रक्त चांगलं आहे म्हनते,” ते म्हणाले होते, आणि आईने समाधानाने कूस बदलली होती. शामरावला नरहरीने असंच वाचून दाखवलं. यात खोटेपणा आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. आजाऱ्याला तेल-तिखट देत नाहीत तसा पुरता रिपोर्टही देत नाहीत, इतकं ते साधं होतं. उलट नीट दुमडता येणं हे माणसाच्या शहाणपणात धरलं जाई. तेव्हा आता आपल्या हातात कुणीतरी आधीच दुमडलेला कागद दिला आहे हे ओळखायला नरहरीला वेळ लागला नाही. फक्त दुमडणारा चांगलाच पोचलेला होता. घडी कुठे दिसतच नव्हती. बाहेर येऊन तो सोनाराच्या दुकानाच्या पायरीवर बसला. आतून पोरगा “अंकल, आगे बैठिए” म्हणेपर्यंत बसला.

डॉक्टर भार्गवांनी रिपोर्ट पाहिला आणि हसले. ते हसायला नको होते. तात्यापाऱ्यातल्या त्या दवाखान्यात नरहरीची सगळी सर्दी-पडशी याच हसण्यावर बरी झाली होती, पण त्या दिवशी त्याला ते हसणं ओळखीचं वाटलं ते वेगळ्याच ठिकाणचं. “अरे वाह, नरहरी जी, बढ़िया है,” डॉक्टर म्हणाले. “छोटी सी कैप्सूल से काम हो जाएगा. भाभीजी को पानी खूब पिलाइए.” नरहरीने विचारलं, बाकीची औषधं? “बाकी की ज़रूरत ही नहीं है,” ते म्हणाले, आणि चिठ्ठी फाडून दिली. ज़रूरत ही नहीं है. शामरावच्या मोठ्या हॉस्पिटलातही शेवटी शेवटी सगळे असंच गोड बोलायला लागले होते. तिथल्याच एका तरुण डॉक्टरने, तो तेवढा चिडका होता म्हणून खरा वाटला, जिन्यात थांबवून सांगितलं होतं की घरी आधी लहानसहान अँटिबायोटिक चारली असतील, त्यांनीच जंतू पक्के झाले, मोठ्या औषधांना जुमानेनासे झाले. हे वाक्य नरहरीच्या आत जाऊन बसलं होतं. शामराव दर सर्दीला दुकानातून दोन गोळ्या आणायचा, बरं वाटलं की उरलेल्या कपाटात. म्हणजे चूक कुठे झाली ते कळलं होतं. आणि आता शारदाची तीनच उरली असताना हा माणूस हसत हसत त्यातलंच सगळ्यात लहान औषध पहिल्याच दिवशी जाळायला निघाला होता. ते नाही लागू पडलं तर? मग दोन. मग एक. नरहरीने दुकानातून कॅप्सूलची पट्टी घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि घरी येईपर्यंत तिच्यावर हात दाबून ठेवला.

“आला का रिपोर्ट?” शारदाने पलंगावरूनच विचारलं. कूलरच्या पाण्याचा वास खोलीत भरला होता. ती भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. लघवीला जळजळतं हे सांगायलाही तिने आठवडा लावला होता. आयुष्यभर बालवाडीतल्या पोरांची शी-शू काढणारी बाई, स्वतःचं सांगताना लाजत होती.

“उद्या येनार म्हनते,” नरहरी म्हणाला.

“तुमच्या रेल्वेसारखीच दिसते लॅब,” ती म्हणाली आणि थोडं हसली. मग धण्याचं पाणी प्यायली. औषधाच्या बाबतीत ती कधी विचारत नसे. सकाळी तो हातावर ठेवील ते पाण्यासोबत, रात्री ठेवील ते दुधासोबत. साखरेची गोळी कोणती, रक्तदाबाची कोणती हे तिला रंगावरूनही माहीत नव्हतं. तो गंमतीने म्हणायचा, एखाद दिवशी विष देईन तर तेही घेशील. “घेईन न,” ती म्हणायची, “पन पानी जरा थंड द्या.” नरहरी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. गाऊनच्या आतली मणक्याची माळ दिसत होती. हिला काहीच माहीत नाही, तो मनाशी म्हणाला, आणि नेहमीसारखा त्या विचाराचा आधार वाटायला हवा होता तो वाटला नाही. त्याने खिशातली पट्टी काढून कपाटात, शामरावच्या फोटोमागे ठेवली. मग परत काढली आणि खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. फार नाही, पण दुपारी चार पांघरुणं मागण्याइतकी थंडी वाजली. नवतप्यात, अंगणातली फरशी पायाला चटके देत असताना, ती दात वाजवत पडून राहिली आणि म्हणाली, “कंबर लई दुखून राहिली हो, या बाजूनं.” नरहरीने तिच्या अंगावर रग टाकली, वरून स्वतःची शाल टाकली. भार्गवांकडे फोन करावा असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण भार्गव पहिला प्रश्न विचारणार, कैप्सूल दी? मग काय सांगायचं? त्याने शामरावच्या मुलाला, परागला, फोन केला. पराग सिलतऱ्याला लोखंडाच्या, स्पंज आयर्नच्या कारखान्यात होता. लहानपणी त्याला नरहरीच्या घरातलं सगळं मराठी समजायचं, अजूनही समजायचं, पण बोलायचा हिंदीच. त्याने रिपोर्टचा फोटो मागवला. मागे भट्टीचा आवाज चालू होता. परागने फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, “चाचा, तीन ही हैं? पापा के में तो पूरा पेज था.”

“तेच न बापा.”

“पापा के पास भी लास्ट में दो बचे थे,” पराग म्हणाला. मशीनचा आवाज तेवढा येत राहिला. नरहरीने फोन कानाला लावून ठेवला. दोन कर्ती माणसं, एक भट्टीजवळ आणि एक कूलरजवळ, एकाच कागदाकडे बघत गप्प होती, आणि दोघांचंही एकमत झालं होतं. नंतर नरहरीने अंगण झाडलं. सिलतऱ्याकडची काळी धूळ रोजच येऊन बसायची. झाडू फिरवला की फरशीवर तिचे पट्टे उठत. तो पट्टे पुसत राहिला. शारदाच्या आधी आपण जावं असं त्याने कित्येकदा मनात म्हटलं होतं, कारण तिच्याशिवाय घरात राहणं त्याला जमणार नव्हतं. चहा कुठे आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. तिचं सगळं त्याच्या हातात आणि त्याचं सगळं तिच्या. आता या वयात डबे कुठले कुठले उघडून बघायचे? त्याला एकाएकी रडू आलं. त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि तिथेच, उन्हात, रडून घेतलं.

ती ओळ त्याला तिसऱ्या दिवशी सकाळी दिसली. शारदा ग्लानीत होती, शेजारून आलेल्या चहाचा एक घोट घेऊन तिने तो उलटून टाकला होता, आणि नरहरी चष्मा पुसून पुन्हा कागद घेऊन बसला होता. सहीच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत छापलं होतं की इतर औषधांची तपासणी झालेली आहे, ते निकाल मागणी केल्यास देण्यात येतील. नरहरीने ते दोनदा वाचलं. मागणी केल्यास. त्याच्या कानशिलात रक्त चढलं. म्हणजे आहेत! औषधं आहेत, राखून ठेवलेली आहेत! इतकी वर्षं ज्या खुर्चीत बसून त्याने इमर्जन्सी कोट्याच्या चिठ्ठ्या घेतल्या, त्या खुर्चीतल्या माणसाला हे आणखी कुणी समजावून सांगायला हवं होतं का? गाडी भरलेली असते आणि तरीही काही जागा रिकाम्या असतात. चार्टवर त्या दिसत नाहीत. कुणी आमदाराचं पत्र आणतं, कुणी साहेबाचा फोन, आणि मग त्या सुटतात. ज्याला माहीत नसतं तो प्लॅटफॉर्मवर राहतो. नरहरीने स्वतः कधी एक बर्थही इकडची तिकडे केली नव्हती, पण त्या असतात हेही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तो प्लॅटफॉर्मवर होता. शामरावच्या वेळीही अशाच काही जागा असतील. कुणी विचारलंच नाही. त्याने धुतलेला शर्ट घातला, पेन्शनचं ओळखपत्र घेतलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरीण मीराला शारदाजवळ बसवलं. ती शिक्षिका होती, शाळेला सुट्टी होती. “काका, डॉक्टरांना बोलवू का?” तिने विचारलं. “मी औषधच घेऊन येतो,” तो म्हणाला.

लॅबची मोठी इमारत नवा रायपूरमध्ये होती. बस मिळायला वेळ लागला, आणि मिळाली ती जवळजवळ रिकामी. जुनं शहर संपलं तसा रस्ता रुंद होत गेला, इतका की त्यावर कुणी का दिसत नाही असं वाटावं. दुतर्फा लावलेली झाडं अजून सावली देण्याच्या वयाची झाली नव्हती. नरहरी खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत होता. रागाने बोलायचं की हात जोडायचे? त्याच्या खिडकीशी येणारी माणसं आठवू लागली. रागावणारी आणि हात जोडणारी, दोन्हींचा उपयोग होत नसे. उपयोग होई तो ओळखीचा. त्याने मंत्रालयातल्या, सचिवालयातल्या ओळखी मनात चाळल्या. एक जण निवृत्त झाला होता, एक वारला होता, एकाचा मुलगा मोठा साहेब होता पण फोन उचलत नसे. मग मराठीत बोलायचं, त्याने ठरवलं. सहीखालचं नाव मराठी होतं, डॉक्टर अपर्णा रामटेके. विदर्भातलीच असणार, बाप रेल्वेत नाहीतर कारखान्यात असणार. बेटा म्हणायचं. हात जोडायचे. काही झालं तरी औषधाचं नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. बसच्या गरम पत्र्याला कोपर लागून भाजलं, तरी त्याने हात काढला नाही. शारदा लग्नाआधी एकदाच रेल्वेत बसली होती. लग्नानंतर तो तिला पुरीला घेऊन गेला, रेल्वेच्या पासावर, तेव्हा ती रात्रभर खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्याने वाचत होती. डब्यातले लोक झोपले होते. “हळू वाच,” तो म्हणाला. ती म्हणाली, “मले सगळी वाचायची आहेत.” हे त्याला आत्ताच का आठवावं ते त्याला कळेना.

डॉक्टर अपर्णा तिशी-पस्तिशीची होती, डोळ्यांखाली काळं आलेलं, पांढऱ्या कोटाच्या बाहीवर जांभळा डाग. तिने त्याला आत बोलावून बसवलं, पाणी दिलं. नरहरीने जुळवलेलं सगळं विसरून सरळ कागद तिच्यासमोर ठेवला आणि कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

“बेटा, हे मले दे,” तो म्हणाला. “मी मोठा मानूस नाही. कोनाची चिठ्ठी नाही माझ्याजवळ. पन इथं जे लपवून ठेवलं ते मले दे.”

तिने कागदावरचा नंबर पाहिला. मग तिने कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं, शेजारचं यंत्र खरखरलं आणि एक भरलेलं पान बाहेर आलं. तिने ते त्याच्या हातात दिलं. तीच तीन नावं वर, आणि खाली ओळीने बाकीची. तळाशी ती दोनही होती, शामरावची. नरहरीने सवयीने खालून वर वाचायला सुरुवात केली. एस. एस. एस. त्याने चष्मा काढला, परत लावला. वरपर्यंत एस.

“सगळीच?”

“सगळीच चालतात, काका. एकदम साधा जंतू आहे काकूंचा.”

“मग लपवलं काहून?”

“चालतात म्हनूनच,” ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. हे तिने बऱ्याच लोकांना सांगितलं असावं. “आधी आम्ही पूर्ण यादी देत होतो. मग काय व्हायचं, लोक रिपोर्ट घेऊन सरळ मेडिकलवर जायचे, तो सगळ्यात खालचं काढून द्यायचा. डॉक्टरही खालचंच लिहायचे. सर्वात जबर ते शेवटी असते न. साध्या लघवीच्या त्रासाला शेवटची इंजेक्शनं. असं करत करत तीही चालत नाहीत मग, आणि ज्याला खरंच लागतात त्याच्यापाशी काही उरत नाही. म्हनून आता लहान औषध चालत असन तर मोठी दाखवतच नाही आम्ही. लहान चाललं नाही तर मग पुढची दाखवतो. छोटा रिपोर्ट म्हनजे चांगला रिपोर्ट, काका.”

नरहरीला आनंद झाला. त्या क्षणी, कुणी पाठीवर थाप मारावी तसा, निखळ आनंद झाला. गाडी रिकामी होती! सगळ्या बर्था शारदाच्या होत्या. तो हसला, आणि समोरची मुलगीही थोडी हसली, आणि तिने विचारलं, “कॅप्सूल कधीपासून सुरू केली?”

खिशावर त्याचा हात होताच. त्याने पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. एकही कॅप्सूल निघालेली नव्हती. पिवळे दाणे ओळीने आपापल्या जागी बसलेले होते. अपर्णाने पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“वाचवून ठेवली,” तो म्हणाला. “तीनच होते न.”

तिने पट्टी बाजूला सारली. मग तिने भराभर विचारलं, ताप आहे का, थंडी वाजली का, कमरेत एका बाजूने दुखतं का, उलटी झाली का, आणि प्रत्येकाला नरहरी हो म्हणत गेला. परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर येत जावीत तसा तो हो, हो म्हणत गेला. “काका, आता ही कॅप्सूल नाही चालनार,” ती म्हणाली. “ही लघवीतच काम करते, किडनीत पोचत नाही. वर चढलं आहे ते. आताच्या आता दवाखान्यात न्या, इंजेक्शन लागन.” तिने पूर्ण यादीवर एका नावाभोवती पेनने गोल केला, खाली सही केली, भार्गवांना स्वतः फोन लावला. बोलता बोलता तिचं लक्ष पुन्हा त्या तीन ओळींच्या कागदाकडे गेलं. फोन ठेवल्यावर ती त्या कोऱ्या जागेकडे बघत म्हणाली, “इथं एक ओळ लिहायला पाहिजे होती मी. साध्या भाषेत.” ती हे नरहरीला सांगत नव्हती. त्याचा फोन वाजायला लागला होता. मीराचा होता.

मीराने रिक्षा बोलावली, पराग कारखान्याच्या कपड्यांतच धावत आला, भार्गवांनी हॉस्पिटलात सांगून ठेवलं. नरहरी अपर्णाने दिलेल्या लॅबच्या गाडीतून उलट्या दिशेने शहरात शिरला तेव्हा शारदा वॉर्डात होती. हातात सुई, नाकाशी नळी, ओठ सुकलेले. रक्तदाब खाली गेला होता. साखरही असल्यामुळे जड जातंय, तिथला डॉक्टर म्हणाला. इंजेक्शन सुरू केलंय. “दो दिन पहले आ जाते तो यहाँ आने की ज़रूरत ही नहीं थी,” तो म्हणाला, आणि मग, नरहरीचा चेहरा बघून, गोड आवाजात, “कल तक देखते हैं.” तो गोड आवाज नरहरीने ओळखला. या वेळी ओळखण्यात चूक नव्हती. पराग दाराशी उभा होता, त्याच्या भुवयांवर काळी धूळ बसलेली होती. “चाचा, क्या बोले?” त्याने विचारलं. नरहरीने तोंड उघडलं, आणि जिभेवर जे तयार होतं ते, बरी आहे म्हणते, ते तसंच तिथे राहिलं. “अवघड आहे म्हनते,” तो म्हणाला. परागने भिंतीला पाठ टेकली.

संध्याकाळच्या सुमारास शारदाने डोळे उघडले. तिने आधी छताकडे पाहिलं, मग नळीकडे, मग नरहरीकडे, आणि सवयीने विचारलं, “आला का रिपोर्ट?”

नरहरीच्या खिशात दोन्ही कागद होते. त्याने ते बाहेर काढले आणि त्याची बोटं, त्याला न विचारता, खालचा भाग आत घ्यायला लागली. वडिलांची बोटं अशीच चालायची. त्याने कागद गुडघ्यावर धरून घडी मोडली, दोनदा तळहात फिरवून ती सपाट केली. मग तिच्या उशीखालचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांना लावला आणि आधी छोटा, मग मोठा रिपोर्ट तिच्यासमोर धरला.

“हे एस काय आहे?” तिने विचारलं.

“एस म्हनजे औषध चालते.”

तिने सुई नसलेला हात उचलला. बोट कागदावर ठेवलं आणि वरून खाली नेऊ लागली, हळूहळू, ओठ हलवत, प्रत्येक नाव मनात वाचल्यासारखं. मध्ये दम लागला तेव्हा थांबली, मग त्याच ओळीपासून पुन्हा सुरू केलं. तळाशी पोचायला तिला खूप वेळ लागला, आणि नरहरी कागद हलू न देता धरून बसला.

“सगळीच चालतात,” ती म्हणाली.

“हो.”

“मग मले देली काहून नाही?”

तिच्या आवाजात राग नव्हता. बालवाडीतल्या पोरांना विचारायची तशी ती विचारत होती, उत्तर मिळेल अशा खात्रीने. नरहरीने स्टूल पुढे ओढलं. त्याने सदर बाजारातल्या काउंटरपासून सुरुवात केली. पाकीट झटकलं ते, सोनाराच्या पायरीवर बसला ते, भार्गवांचं हसणं, खिशातली पट्टी, तीन दिवस काय काय वाटलं ते, एकही गोष्ट आत न दुमडता तो सांगत गेला. मध्येच केव्हातरी तिचे डोळे मिटले. तिचा हात त्याने हातात धरला होता, तो तापलेला होता, आणि ती ऐकतेय की नाही ते कळत नव्हतं. नरहरी थांबला नाही.